स्वतः लिहिलेले स्वतःलाच का वाचता येत नाही?

आपण लिहिले आहे की, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आपल्या वडिलांना दोन महिन्यांपूर्वी लकव्याचा झटका आला. हातपाय शाबूत राहिले, बोलणे स्वच्छ आहे, आणि पेन हाती दिले तर ते आजही सरळ ओळीत पत्र लिहितात; मात्र तेच पत्र थोड्या वेळाने त्यांच्यासमोर ठेवले तर त्यांना त्यातला एक शब्द वाचता येत नाही. एमआरआय पाहून डॉक्टरांनी ‘मेंदूच्या दोन भागांना जोडणाऱ्या पुलाच्या मागच्या टोकाला इजा झाली आहे’ एवढेच सांगितले. त्यावरून आपण तीन गोष्टी विचारता: हे दोन भाग एकमेकांना माहिती देतात म्हणजे नेमके काय करतात, पूल निकामी झाल्यावर त्या माहितीचे काय होते, आणि तालुक्याच्या गावी झालेल्या एका शिबिरात सांगितल्याप्रमाणे वडिलांकडून डाव्या हाताने लिहून घेतले तर ‘उजवा मेंदू जागा होऊन’ वाचन परत येईल का.

मी वाचा व भाषा उपचारतज्ज्ञ म्हणून गेली बावीस वर्षे वर्धा आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत काम करते आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची लकव्यानंतर वाचाच गेलेली असते. बोलणे आणि लिहिणे टिकून फक्त वाचन गेलेले रुग्ण मी एवढ्या वर्षांत मोजून सहा पाहिले. वडिलांना मी तपासलेले नाही आणि एमआरआयच्या फिल्मही पाहिलेल्या नाहीत, हे आधीच सांगते. इजा किती खोल आहे, उजव्या बाजूची नजर किती गेली आहे आणि वडील जन्मतः उजवे आहेत की डावखुरे, यावर पुष्कळ अवलंबून असते. उजव्या हाताने काम करणाऱ्या सुमारे ९५ टक्के माणसांत भाषेचा मुख्य कारभार मेंदूच्या डाव्या भागात चालतो. डावखुऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७० टक्के आहे. वडील उजवे आहेत असे धरून मी पुढचे लिहिते आहे.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण घरातली माणसे त्यामुळेच खचतात. वडील वाचायला विसरलेले नाहीत. अक्षरांचे ज्ञान त्यांच्या डाव्या मेंदूत जसेच्या तसे आहे. ते नसते तर त्यांना लिहिताच आले नसते. त्यांचे डोळेही कागदावरची शाई स्वच्छ पाहतात. पाहणारा भाग आणि वाचणारा भाग या दोहोंमधली वाट तेवढी तुटली आहे, आणि ही एकच वाट तुटल्यावर इतके विचित्र चित्र का दिसते, हे समजण्यासाठी ती मुळात कशी आहे ते पाहावे लागेल.

मेंदूचे डावा आणि उजवा असे दोन गोलार्ध आहेत. शरीराच्या एका बाजूचा बहुतेक कारभार विरुद्ध बाजूचा गोलार्ध पाहतो: उजव्या हाताची हालचाल आणि स्पर्श डाव्या गोलार्धाकडे, डाव्या हाताचा कारभार उजव्याकडे. नजरेच्या बाबतीत मात्र बहुतेकांची एक चूक होते. डावा डोळा उजव्या मेंदूला आणि उजवा डोळा डाव्या मेंदूला जोडलेला आहे, असे ते समजतात. प्रत्यक्षात आपण समोर एका बिंदूवर नजर स्थिर ठेवली, तर त्या बिंदूच्या डावीकडचे सगळे दृश्य, मग ते कोणत्याही डोळ्याने पाहिलेले असो, उजव्या गोलार्धात जाते आणि उजवीकडचे सगळे डाव्या गोलार्धात. म्हणजे आपण वाचत असलेल्या ओळीचे प्रत्येक क्षणी मधोमध दोन तुकडे होत असतात आणि ते दोन वेगळ्या ठिकाणी पोहोचत असतात. तरी आपल्याला मध्ये शिवण दिसत नाही, कारण हे दोन तुकडे लगेच एकमेकांना जोडले जातात.

ही जोडणी मुख्यतः कॉर्पस कॅलोसम नावाच्या पट्ट्यातून होते. मेंदूच्या मधोमध, दोन गोलार्धांमधल्या फटीच्या तळाशी, समोरून मागे गेलेला हा पांढरट, कमानीसारखा पट्टा असतो आणि त्यात सुमारे २० कोटी मज्जातंतू असतात. डॉक्टर त्याला पूल म्हणतात ते सोयीसाठी. पण पूल म्हटले की एकच रस्ता डोळ्यांसमोर येतो, आणि घोटाळा तिथेच होतो. मी रुग्णाच्या घरच्यांना समजावताना नाल्यावरच्या रपट्यांचे, म्हणजे बुटक्या पुलांचे, उदाहरण देते. एकाच नाल्यावर एका रपट्यावरून मुले शाळेत जातात, पुढच्यावरून बैलबंड्या वावरात जातात, त्याहून खालच्या रपट्यावरून आठवडी बाजाराची ये-जा होते. पावसाळ्यात पुराने शाळेकडचा रपटा वाहून गेला तर गाव तुटत नाही, बाजारही बंद पडत नाही. फक्त शाळेची मुले अडकून पडतात. कॉर्पस कॅलोसममध्येही तसेच आहे. त्याचा पुढचा भाग कपाळामागच्या, नियोजन आणि संयम सांभाळणाऱ्या भागांना जोडतो. मधला भाग हातापायांच्या हालचाली आणि स्पर्श सांभाळणाऱ्या भागांना. आणि अगदी मागचे जाड टोक, ज्याला स्प्लेनियम म्हणतात, ते नजरेच्या भागांना जोडते. वडिलांचा वाहून गेलेला रपटा हा शेवटचा आहे.

या वाटांवरून जाते काय, असे आपण विचारले आहे. तिथून चित्र जात नाही आणि शब्दही जात नाही. जातात ते विद्युत स्पंद. त्यांना अर्थ येतो तो ते कुठून निघाले आणि कुठे पोहोचले यावरून. बहुतेक तंतू एका गोलार्धातील जागेपासून दुसऱ्या गोलार्धातील जवळजवळ आरशातल्यासारख्या त्याच जागेपर्यंत जातात, काही थोड्या वेगळ्या जागी पोहोचतात. जाड आवरणाचे तंतू जलद असतात, बारीक तंतू संथ. तरी एका बाजूचा संदेश दुसऱ्या बाजूला पोहोचायला काही मिलिसेकंदांपासून (सेकंदाच्या हजाराव्या भागांपासून) फार तर काही डझन मिलिसेकंदांपर्यंतच वेळ लागतो. अमेरिकेतील पॉफेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये हा वेळ मोजण्याची साधी युक्ती काढली होती: प्रकाशाचा ठिपका एका बाजूला दाखवायचा, त्याच बाजूच्या हाताने बटण दाबायला सांगायचे, मग दुसऱ्या हाताने, आणि दोन्ही वेळांतला फरक काढायचा. ज्या वेळी दृश्य एका गोलार्धात आणि हाताचा हुकूम दुसऱ्या गोलार्धातून, अशी स्थिती असते, तेव्हा किंचित उशीर होतो. तो उशीर म्हणजे पलीकडे जाण्याचा खर्च.

आता वडिलांकडे येऊ. डोक्याच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी डावीकडची एक रक्तवाहिनी बंद पडली की दोन ठिकाणी एकदम नुकसान होऊ शकते, कारण तीच वाहिनी डाव्या बाजूच्या नजरेच्या भागाला रक्त देते आणि स्प्लेनियमलाही तिच्याच शाखा पोहोचतात. डावीकडचा नजरेचा भाग गेला म्हणजे उजवीकडचे दृश्य दिसेनासे होते. उरते ते डावीकडचे दृश्य. ते उजव्या मेंदूत नीट पोहोचते, पण भाषा डावीकडे आहे, आणि उजवीकडून डावीकडे अक्षर नेणारा रपटा वाहून गेलेला आहे. म्हणून वडिलांच्या उजव्या मेंदूला कागदावरच्या रेघा दिसतात, त्या लिपीतल्या आहेत हेही बहुधा कळते, पण त्यांचा उच्चार आणि अर्थ जिथे आहे तिथपर्यंत त्या जात नाहीत. लिहिण्याची गोष्ट वेगळी आहे. मनातला शब्द डाव्या मेंदूत उठतो, उजव्या हाताचा हुकूमही डाव्या मेंदूतूनच निघतो. या कामाला मागचा रपटा लागतच नाही.

माझ्या सहा रुग्णांपैकी एक जण आर्वीकडच्या एका खेड्यात किराणा दुकान चालवत असत. ते पहिल्यांदा आले तेव्हा सोबत उधारीची लाल वही घेऊन आले होते. सकाळी कोणी साखर-तेल उधार नेले की ते नेहमीप्रमाणे नाव आणि रक्कम लिहून ठेवत, आणि संध्याकाळी वही उघडली की रकमा वाचता येत, नावे वाचता येत नसत. त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली, एका ओळीवर बोट टेकवले आणि म्हणाले, “बाई, दोनशे चाळीस रुपये कोणीतरी नेलेत, अन् ते मीच लिहिलं आहे.” अक्षर त्यांचे होते, वळणदार आणि सुवाच्य, मला ते नाव सहज वाचता आले. मी ते मोठ्याने उच्चारल्याबरोबर त्यांनी त्या माणसाच्या घरची सगळी माहिती सांगितली. झटका आल्यावर तीन महिने त्यांच्यावर डोळ्यांचेच उपचार झाले होते आणि दोनदा चष्मा बदलला होता, कारण हातपाय चालत असताना याला लकवा म्हणावे असे कोणाच्याही मनात आले नव्हते. हे दुःख मला आजही होते, कारण ते तीन महिने सरावाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे होते.

अंक वाचता येतात आणि अक्षरे येत नाहीत, हा प्रकार वैद्यकशास्त्राला जुना आहे. पॅरिसचे मज्जाविकारतज्ज्ञ ज्यूल देजेरीन यांनी १८९२ मध्ये ज्या रुग्णाचे वर्णन केले, तोही व्यापारी होता, कापडाचा. १८८७ मध्ये एक दिवस अचानक त्याला वाचता येईनासे झाले, लिहिता मात्र येत राहिले, आणि अंक तो वाचू शकत होता. मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासला तेव्हा डावीकडचा मागचा भाग आणि स्प्लेनियम या दोन्ही ठिकाणी इजा आढळली. अंक का वाचतात याचे साधारण मान्य असलेले स्पष्टीकरण असे की, अंकांचे ज्ञान दोन्ही गोलार्धांत काही प्रमाणात असते. अक्षरांचे शब्दांत रूपांतर मात्र बहुतांशी डावीकडेच होते.

यातूनच एक प्रश्न निघतो, जो मला प्रत्येक कुटुंब विचारते: वडिलांना घड्याळ दाखवले तर ते ‘घड्याळ’ म्हणतात, मग ‘घड्याळ’ हा शब्द का वाचता येत नाही? दोन्ही तर डोळ्यांनीच पाहिले. इथे १९६० च्या दशकात अमेरिकेतील नॉर्मन गेश्विंड यांनी मांडलेला विचार मला कामात फार उपयोगी पडतो. घड्याळ ही वस्तू हाताने हाताळलेली असते, तिचा टिकटिक आवाज ऐकलेला असतो, मनगटावर तिचे वजन जाणवलेले असते. उजव्या मेंदूने ती पाहिली की स्पर्शाच्या, हालचालीच्या, आवाजाच्या आठवणी जाग्या होतात, आणि या आठवणींना पलीकडे जायला पुलाचे मधले भाग मोकळे असतात. अक्षराला स्पर्श नाही, वजन नाही, आवाजही आपण त्याला शिकवलेलाच. ते नुसते पाहण्याचे असते, म्हणून त्याच्यासाठी एकच वाट असते. रंगाचेही तसेच असते. त्या दुकानदारांना मी विचारले, पळसाचे फूल कोणत्या रंगाचे, तर ते क्षणात म्हणाले, केशरी. तुरीचे फूल? पिवळे. मग रंगीत दोऱ्यांची रिळे समोर ठेवून सारख्या रंगांच्या जोड्या लावायला सांगितल्या, तर सगळ्या अचूक लागल्या. पण त्यातलेच पिवळे रीळ उचलून ‘हा रंग कोणता’ असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, हिरवा. रंग उजवीकडे बरोबर दिसत होता, रंगांची नावे डावीकडे बरोबर होती, आणि दोघांची गाठ पडत नव्हती. आपण घरी वडिलांना हा प्रश्न विचारून पाहावा. त्यातून इजेची व्याप्ती कळायला मदत होते.

पुलाचा मागचा भाग गेल्यावर वाचन अडते, तर मधला भाग गेल्यावर काय अडते, हे एका बाईंमुळे माझ्या नीट लक्षात आले. त्या कापूस वेचणीला जाणाऱ्या होत्या. लकव्यानंतर हातात ताकद होती, पण त्या म्हणत, “डावा हात माझं ऐकत नाही.” मी त्यांना म्हटले, उजव्या हाताने केस विंचरल्याचा हावभाव करून दाखवा. त्यांनी सहज केला. तेच डाव्या हाताने करायला सांगितले, तर हात वर गेला, हवेत घुटमळला, मूठ उघडली-मिटली आणि खाली आला. त्यानंतर मी काही न बोलता खरी फणी त्यांच्या डाव्या हातात दिली, आणि त्यांनी ती सराईतपणे केसांतून फिरवली. शब्दांतली सूचना डाव्या मेंदूला समजली होती, पण ती डाव्या हाताच्या मालकाला, म्हणजे उजव्या मेंदूला, कळवली जात नव्हती. फणी हाती आल्यावर सूचनेची गरजच उरली नाही. उजव्या मेंदूने ती स्पर्शाने ओळखली. जर्मनीत लिपमान आणि मास यांनी १९०७ मध्ये हाच प्रकार लिहून ठेवला आहे. मला यातून शिकायला मिळाले ते एवढे की रुग्णाला ‘येत नाही’ असे लिहिण्याआधी कोणत्या वाटेने विचारले हे तपासले पाहिजे. मी तोंडी सूचनेवर थांबले असते तर त्या बाईंचा हात निकामी ठरला असता.

पूर्ण पूल तुटला तर काय होते, याचे उत्तर अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, शस्त्रक्रियांतून मिळाले. औषधांना न जुमानणारे झटके एका गोलार्धातून दुसऱ्यात पसरू नयेत म्हणून काही रुग्णांचा कॉर्पस कॅलोसम कापला जाई; १९३९ मध्ये अमेरिकेत अशा शस्त्रक्रिया प्रथम झाल्या, आणि १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमधील अशा रुग्णांवर रॉजर स्पेरी आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल गॅझानिगा यांनी प्रयोग केले. स्पेरी यांना या कामासाठी १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पडद्याच्या डाव्या बाजूला चमच्याचे चित्र क्षणभर चमकवले, तर रुग्ण म्हणे, मला काही दिसले नाही. पण डावा हात पडद्याखाली घालून वस्तू चाचपायला सांगितल्या, तर तोच हात अचूक चमचा उचले. बोलणाऱ्या डाव्या मेंदूपर्यंत चमचा पोहोचलाच नव्हता, आणि पाहिलेल्या उजव्या मेंदूला बोलता येत नव्हते.

या प्रयोगांच्या बातम्या वाचून पुष्कळांना वाटते की अशा माणसाच्या डोक्यात दोन माणसे राहतात. माझा भर दुसऱ्या गोष्टीवर आहे. हे रुग्ण घरी स्वयंपाक करत, रस्त्याने चालत, लोकांशी बोलत, आणि त्यांच्यात काही वेगळे आहे हे भेटणाऱ्याला कळतही नसे. चित्र क्षणभरच का चमकवावे लागे? कारण थोडा अधिक वेळ मिळाला तर रुग्ण नजर हलवतो आणि तेच दृश्य दुसऱ्या गोलार्धालाही दिसते. डाव्या हाताने उचललेली वस्तू आपटून आवाज केला तर तो दोन्ही गोलार्धांना ऐकू येतो. एक गोलार्ध दुसऱ्याला असे शरीराच्या बाहेरून, जगातून वळसा घालून निरोप पाठवत राहतो. शिवाय कॉर्पस कॅलोसमखेरीज दोन गोलार्धांमध्ये आणखी काही लहान जोडण्या आहेत, आणि खोलवरचा मेंदू तर दोघांचा सामाईकच आहे. काही मुले जन्मतःच कॉर्पस कॅलोसमशिवाय जन्मतात. त्यांतली काही जवळपास सर्वसाधारण आयुष्य जगतात, आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांतला चमच्याचा प्रकार त्यांच्यात सहसा दिसत नाही, कारण त्यांचा मेंदू घडतानाच दुसऱ्या वाटांवर विसंबलेला असतो. आपल्या वडिलांच्या उपचाराचा आधार हाच आहे.

एक गोष्ट जाता जाता सांगते, कारण आपण स्वतः शिक्षक आहात असे लिहिले आहे. पहिलीच्या वर्गात पाटीवर ‘क’ गिरवणाऱ्या मुलाच्या रिकाम्या हाताकडे पाहा. पुष्कळदा त्याची बोटेही हळूच हलत असतात. वय वाढते तसे, साधारण दहाव्या वर्षापर्यंत, हे थांबते. पुलावरच्या तंतूंची आवरणे पुरी होत जातात आणि एक बाजू काम करत असताना दुसऱ्या बाजूला ‘तू थांब’ असे सांगण्याची क्षमता वाढते. म्हणजे हा पूल माहिती पोहोचवतो तसा आवरही घालतो, आणि मला तर त्याचे हे दुसरे काम पहिल्याइतकेच मोठे वाटते.

आता शिबिरातल्या सल्ल्याबद्दल. उजवा मेंदू कलेचा आणि डावा हिशेबाचा, एक जागा आणि एक झोपलेला, ही मांडणी खरी नाही. भाषा, अवकाशाचे भान अशा काही कामांत एक बाजू पुढे असते हे खरे. पण अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक हजाराहून अधिक लोकांच्या मेंदूंच्या स्कॅनचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा कोणा माणसाचा सबंध डावा किंवा सबंध उजवा मेंदू अधिक चालतो असे काही आढळले नाही. वडिलांचा उजवा मेंदू तर अजिबात झोपलेला नाही. सध्या त्यांना दिसते ते सगळे तोच पाहतो आहे. त्यांच्या बाबतीत डाव्या हाताने लिहून घेणे मला उलट दिशेचे वाटते. डाव्या हाताचा स्पर्श उजव्या मेंदूत जातो, म्हणजे अक्षर पुन्हा त्याच बाजूला पोहोचते जिथून त्याला पूल ओलांडावा लागतो. पुलाचा मधला भाग शाबूत असल्याने ते ओलांडेलही, पण आपण विनाकारण लांबची वाट धरतो. उजव्या हाताचा स्पर्श आणि हालचाल थेट डाव्या मेंदूत जाते, जिथे भाषा आहे. म्हणून सराव उजव्या हाताचा हवा.

आणि तो सराव आपल्या वडिलांना कोणी शिकवण्याची गरज नाही, कारण त्यांनी उभे आयुष्य तोच मुलांकडून करून घेतला असेल. धुळाक्षरे. परातीत ज्वारीचे पीठ पातळ पसरावे. आपण कागदावर एक मोठे अक्षर काढून समोर ठेवावे आणि वडिलांनी ते पाहत पाहत उजव्या हाताच्या तर्जनीने पिठात गिरवावे. आधी अक्षर ओळखण्याचा आग्रह धरू नये. रेघ जशी दिसते तशी बोटाने चालावी. बोट चालले की बऱ्याच वेळा अक्षर ओठांवर येते. डोळ्यांना जे नेता आले नाही ते बोटाने वळसा घालून भाषेपर्यंत नेलेले असते. माझ्या दुकानदारांना पहिल्या दिवशी ‘म’ असा ओळखू आला. ते तीनदा गिरवून थांबले, आणि मग त्यांनी तो उच्चारला. हळूहळू पीठ नको होते, मांडीवर बोट फिरवले तरी चालते, आणि काही महिन्यांनी नुसते मनात गिरवले तरी पुरते. तळहातावर अक्षर काढून ओळखायला लावायचे असेल, तर तेही उजव्या तळहातावर काढावे.

काही बारकावे लिहिते. जोडाक्षरे शेवटी घ्यावीत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढली जाते आणि नंतर उच्चारली जाते, म्हणून ती गिरवताना रुग्ण गोंधळतो. सुरुवातीला काना आणि मात्रा असलेले शब्द घ्यावेत. उजवीकडची नजर गेली असेल तर ओळीचा पुढचा भाग त्यांना दिसतच नाही, आणि आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे ते मध्येच ओळ संपली असे समजतात. पानाच्या उजव्या कडेला जाड लाल रेघ ओढून ‘ती रेघ दिसेपर्यंत मान वळवा’ असे सांगावे. तेच चार ओळींचे पान रोज मोठ्याने, आपल्या मदतीने, अनेकदा वाचणे हाही चांगला सराव आहे. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटे पुरेत. त्यापलीकडे माणूस थकतो आणि चिडतो. स्वतः लिहिलेले वाचता न येण्याची लाज शिक्षकाला जास्त वाटते, म्हणून हा सराव पाहुण्यांसमोर घेऊ नये.

अपेक्षा कुठवर ठेवावी, हे प्रामाणिकपणे सांगते. सहापैकी चार जण एकेक अक्षर जोडत वाचू लागले. दुकानदारांना सहा महिन्यांत उधारीच्या वहीतली नावे वाचता आली, पण एका नावाला दहा-पंधरा सेकंद लागत. वर्तमानपत्राचे मथळे ते वाचत, खालचा मजकूर नातू वाचून दाखवी. एका बाईंचे वाचन बरेच परत आले, आणि त्यांची इजा लहान होती. एका रुग्णाला सरावाचा काही उपयोग झाला नाही. पूर्वीच्या वेगाने वाचन परत येईल असे वचन मी कोणालाही देत नाही. मधल्या काळात मोबाइलमधील मजकूर वाचून दाखवणारी सोय जरूर वापरावी. कानाची वाट दोन्ही गोलार्धांना खुली आहे आणि तिचा सरावाला अडथळा होत नाही. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नयेत. हातपाय चालतात म्हणून त्या बंद केलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

या आठवड्यात आपण तीन गोष्टी करून मला कळवाव्यात. वडिलांना आपल्या नाकाकडे पाहायला सांगून बाजूने बोट पुढे आणावे आणि उजवीकडून ते त्यांना कधी दिसते ते पाहावे. दोऱ्याच्या रिळांचा प्रयोग करावा. आणि परातीत ‘म’, ‘ग’, ‘र’, ‘त’ ही चार अक्षरे गिरवून घ्यावीत, प्रत्येक अक्षर किती वेळा गिरवल्यावर ओळखू आले ते वहीत लिहून ठेवावे. ती नोंद त्यांनाच करू द्यावी. ते उत्तम लिहितात.